आधी वही, मग कर्ज

गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "लेक म्हणते, मसाल्याचा धंदा काढते. पैशासाठी डोरलं गहाण ठेवू का?"

थांबा ताई. पण लेकीला "आपल्यात कुणी धंदा केलाय?" असंही म्हणू नका. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच पुढं 'लिज्जत' झालं.

सुरुवात लहानच करा. पहिल्यांदा पाच किलो मसाला कांडून आणा. मिरची, धणे, तेल, कांडपाचे पैसे, पिशव्या, गाडीभाडं सगळं वहीत लिहा. लेकीची मजुरीही धरा. हे सगळं वजा जाऊन उरेल तोच नफा. विक्रीआधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि चार बाजार करून पाहा. तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं, तर धंदा वाढवा.

मग कर्जाचं बघू. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज बिनतारण असतं. पण हप्ते फेडावेच लागतात, म्हणून वहीत नफा दिसेल तेवढंच मागा.

डोरलं गळ्यातच राहू द्या. वही घेऊन लेकीबरोबर बँकेत तुम्हीही जा. तिला तेवढाच धीर येईल.