एक तपासणी राहून गेली आणि लाखो सर्व्हर उघडे पडले; ओपन सोर्समधला 'पॅच' नेमका तपासतात कसा?

तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर ही जोडाक्षरं पडद्यावर नीट जोडून दाखवण्याचं काम हार्फबझ नावाचं एक सॉफ्टवेअर करतंय. फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. ही दोन्ही सॉफ्टवेअर 'ओपन सोर्स' आहेत. म्हणजे त्यांचा कोड कुणीही वाचू शकतं आणि त्यात बदलही सुचवू शकतं.

आता साहजिकच प्रश्न पडतो, की कुणीही बदल सुचवू शकत असेल तर उद्या कुणीही काहीही घुसडेल की!

तसं सहसा होत नाही, कारण मध्ये एक चाळणी लावलेली असते. तिला म्हणतात कोड रिव्ह्यू. ही चाळणी चालते कशी, आणि तिला भोक पडलं की काय होतं, ते समजून घेऊया.

पॅच म्हणजे काय?

पॅच म्हणजे ठिगळ. एखादी चूक दुरुस्त करायची असेल तर अख्खा प्रोग्राम पाठवत नाहीत, फक्त बदललेला भाग पाठवतात. काढलेल्या ओळीपुढे वजा चिन्ह असतं, नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह. सोबत बदल का केला याचं कारण लिहावं लागतं. 'काय बदललं' हे कोड बघून कळतं, पण 'का बदललं' हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक विभागाचा एक जबाबदार माणूस असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. पॅच त्याच्याकडे आणि त्या विभागातल्या इतर जाणकारांकडे ई-मेलने जातो. मग प्रश्न सुरू होतात. मेमरी संपली तर काय होईल? हा आकडा शून्य आला तर? एकाच पॅचमध्ये तीन वेगवेगळी कामं का कोंबली आहेत?

पहिल्याच फटक्यात पॅच पास होणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. लेखक सुधारणा करून 'व्ही २' पाठवतो, मग 'व्ही ३'. प्रत्येक वेळी आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदललं ते लिहायचं, म्हणजे तपासणाऱ्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागत नाही.

ज्यांनी पॅच वाचून पसंत केला त्यांचं नाव 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून लागतं, ज्यांनी प्रत्यक्ष चालवून पाहिला त्यांचं 'टेस्टेड-बाय' म्हणून. आणि इथे एक महत्त्वाचा नियम आहे. पुढच्या आवृत्तीत पॅच बराच बदलला, तर जुनी नावं काढून टाकावी लागतात. ज्या कोडची चाचणी झाली तो कोड आता उरलाच नाही, मग त्याचं प्रमाणपत्र कसं चालेल?

वाचणं वेगळं, चालवून पाहणं वेगळं

माणूस कितीही हुशार असला तरी वाचताना त्याच्या नजरेतून गोष्टी सुटतात, म्हणून चाचण्या लागतात. चांगली चाचणी ओळखायची साधी खूण अशी, की जुन्या कोडवर ती नापास झाली पाहिजे आणि पॅच लावल्यावर पास. दोन्हीकडे पास होत असेल, तर ती त्या चुकीबद्दल काहीच सांगत नाही.

काही चाचण्या यंत्रंच करतात. गूगलचा सिझबॉट हा कर्नलवर सतत वेडावाकडा इनपुट फेकत राहतो आणि तो कुठे कोसळतो ते कळवतो. पण एखादा जुना प्रिंटर किंवा वायफाय कार्ड फक्त कुणाच्या तरी घरीच असतं. तिथे त्या माणसाने 'माझ्याकडे चालवून बघितलं, चालतंय' असं सांगणं सोन्याइतकं मोलाचं ठरतं.

चाळणीतून सुटलेला पॅच

ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री त्यात एक नवी सोय जोडणारा पॅच दाखल झाला. सोयीचं नाव होतं हार्टबीट. समोरचा सर्व्हर अजून जोडलेला आहे का, एवढं विचारण्यासाठी ती होती.

तिचं काम असं, की तुमचा संगणक सर्व्हरला सांगतो, 'पोहे हा शब्द परत पाठव, अक्षरं दोन.' सर्व्हर 'पोहे' परत पाठवतो. पण कुणी लबाडीने सांगितलं, 'पोहे, अक्षरं चौसष्ट हजार', तर? सर्व्हरने अक्षरं मोजून बघायला हवी होती. ती तपासणीच कोडमध्ये नव्हती. त्यामुळे सर्व्हर 'पोहे' आणि त्याच्या शेजारी मेमरीत जे काही पडलेलं असेल ते, असं एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत देऊन टाकायचा. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्यासुद्धा.

हा पॅच रिव्ह्यू झाला होता. तरीही चूक सुटली. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती जगभर गेली आणि एप्रिल २०१४ पर्यंत चूक तशीच राहिली. 'हार्टब्लीड' नावाने ती जाहीर झाली तेव्हा सुमारे पाच लाख सुरक्षित वेबसाइट्सना धोका असल्याचा अंदाज होता. कॅनडाच्या कर विभागातून सुमारे ९०० करदात्यांचे ओळख क्रमांक चोरीला गेले.

दुरुस्ती मात्र अवघ्या काही ओळींची होती. सांगितलेली लांबी आणि खरी लांबी जुळत नसेल, तर विनंती सोडून द्या.

चूक एका माणसाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण तेव्हा ओपनएसएसएलला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळायची आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. कोड सगळ्यांसाठी उघडा होता, पण सगळे तो वापरत होते, वाचत कुणी नव्हतं.

चाचणीच्या फायलींतच दडलेला चोर

२०२४ मध्ये आणखी धक्कादायक प्रकार घडला. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगले पॅच देत विश्वास कमावला आणि मेंटेनरपदापर्यंत पोहोचलं. मग त्या नावाने चोरदरवाजा बसवला. तो लपवला कुठे? चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये! त्या फायली माणसाला वाचता येण्यासारख्या नसतात, त्यामुळे रिव्ह्यू करणारे त्या उघडून बघत नाहीत. आणि तो दरवाजा जागा करणारा तुकडा फक्त वाटपाच्या पॅकेजमध्ये होता, सगळे बघतात त्या मूळ कोडमध्ये नव्हताच.

पकडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघड केलं. बहुतेक सर्व्हरपर्यंत ती आवृत्ती पोहोचायच्या आत गोष्ट आटोक्यात आली.

मग यातून घ्यायचं काय?

उघडा कोड आपोआप सुरक्षित होत नाही. तो उघडा असल्यामुळे फ्रॉइंडला खोदता आलं, हे खरं. पण खोदणारा माणूस असावा लागतो, त्याला वेळ आणि पैसा मिळावा लागतो.

आणि कोड न येणारा माणूसही यात मदत करू शकतो. ॲप बिघडलं तर 'चालत नाही' एवढंच न लिहिता कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे कळवलं की कुणाच्या तरी पुढच्या पॅचची सुरुवात तिथूनच होते. तो पॅच तयार होऊन अपडेट म्हणून फोनवर आला, की 'नंतर आठवण करा' दाबायचं नाही, एवढं तरी नक्कीच आपल्या हातात आहे.