येळवशीची भज्जी

पहाटेचे साडेचार. औसा तालुक्यातलं गाव, निलंग्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पितळेची गुंडी रटरटतेय. मावशी पदर खोचून लांब दांड्याच्या पळीनं ढवळतेय, तिची सून तुराट्या मोडून चुलीत सारतेय. हवा इतकी गार आहे की बोलताना तोंडातून वाफ निघते, पण चुलीपुढं बसलेल्या बायकांना थंडीची आठवणही नाही.

आज मार्गशीर्ष अमावस्या, शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५. पंचांगात दर्श वेळा अमावस्या, दिनदर्शिकेत वेळ अमावस्या आणि इथल्या तोंडी येळवस. दिवाळीला घरी न येणारी पोरंसुद्धा आज येतात. कलेक्टर स्थानिक सुट्टी जाहीर करतात. मी नांदेडहून काल निघाले, तर वाटेत माळेगावला खंडोबाची यात्रा नुकतीच भरत होती. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल आणि रस्त्याच्या कडेनं पेटलेल्या चुली. यात्रा चतुर्दशीला सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी येळवस, त्यामुळं लोहा-कंधारपासून लातूरपर्यंतचा हा सगळा पट्टा दोन दिवस उघड्यावरच जेवतो.

"त्यात काय काय घातलंस?" असं विचारल्यावर मावशी नुसती सुपांकडं मान करते. चार सुपं भिंतीला लावून ठेवलीत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाचे दाणे आणि शेंगदाणे आधीच शिजायला गेलेत. आता पाळी पालेभाज्यांची. मेथी, पालक, आंबट चुका, करडईची कोवळी पानं, कांद्याची पात. मग गाजराचे तुकडे, हिरव्या चिंचेची बोटकं आणि मूठभर बोरं, बियांसकट. आलं, लसूण आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटलेली आहे. त्या वाटणाचा वास अंगणभर आहे. या कालवणाला भज्जी म्हणतात. तळलेल्या भज्यांशी तिचं काही नातं नाही.

खरी कसोटी शेवटी येते. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आंबट ताकात कालवून ते उकळत्या गुंडीत सोडायचं. सून बारीक धार धरते, मावशी तळापासून पळी फिरवते. धार जाड झाली की गुठळ्या होतात, हात थांबला की खाली लागतं. "हं, सोड. थांब. सोड आता." एवढंच बोलणं चालू आहे. हिरवट पाणी बघता बघता दाट पिवळं होतं आणि वर जाड बुडबुडे फुटायला लागतात.

यंदा सुपातले सोलाणे बाजारातले आहेत. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्यानं मांजरा आणि तेरणा पात्र सोडून रानात आल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून सडलं. रानाला वाफसा यायलाच उशीर झाला, पेरणी लांबली आणि मावशीचा हरभरा आज नुसता फुलात आहे. घाटा शोधून सापडत नाही. मग काल संध्याकाळी मावशी स्वतः रानात गेली होती. ओंजळभर कोवळे शेंडे खुडून आणलेत, तेच आता ती गुंडीत टाकते.

"आपल्या रानातलं कायतरी पडाया पाहिजे की गं त्यात," म्हणते.

मला वाटतं भज्जीचा सगळा अर्थ या ओंजळीत आहे. मार्गशीर्षात रानात जे जे हिरवं, ओलं, आंबट उभं असतं ते सगळं एका भांड्यात येतं. वर्ष चांगलं असेल तर भज्जी दाण्यांनी जड होते, वाईट असेल तर पाल्यानं हिरवी. कुठल्याही पीकपाहणीच्या कागदाआधी गुंडीतली पळी सांगते, रान कसं आहे.

आंबिल रात्रीच झालीय. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून, शिजवून, पुन्हा ताकात पातळ करून मडक्यात ओतलेली. वरून जिरं, ठेचलेला लसूण, मीठ, कोथिंबीर. चुन्यानं आणि कावेनं रंगवलेल्या बिंदग्यात, म्हणजे लहान मडक्यात, ती आता भरली जाते. बाजरीच्या पिठाचे उंडे वाफवून टोपलीत कापडाखाली आहेत. गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, तिळाच्या पोळ्या, धपाटे, मिरचीचा ठेचा, आंबट भात. सहाच्या सुमारास आजी येऊन सगळ्या टोपल्यांवरून नजर फिरवते आणि कारळाची चटणी राहिली म्हणून सुनेला परत आत पाठवते.

नऊला आम्ही निघतो. पुढं काका, मागं टोपल्या, आजीच्या डोक्यावर बिंदगं. "गाडीवर ठेवा," म्हटलं तर ती उत्तरसुद्धा देत नाही. रस्त्यावर ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकली, पुणे-मुंबई पासिंगच्या गाड्या, एखादी बैलगाडी, आणि सगळ्यांची तोंडं गावाबाहेर. लातुरातून सकाळी आलेला मावसभाऊ सांगतो, गंजगोलाईच्या बाजारात आज चिटपाखरू नाही, कर्फ्यू लागल्यासारखं.

रानात कोप उभी आहे. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेली, वर शाल घातलेली. आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड, हे पांडव. त्यांच्यापुढं बिंदगं, उंडे, भज्जी, ऊस. काका कडब्याकडं बोट दाखवून म्हणतात, "ह्यो इकत आणलाव बरं का. पाच पेंढ्या." पूर्वी या रानात ज्वारी असायची, शाळू, आता खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. दोन्ही पिकांचा कडबा होत नाही. बांधापलीकडच्या शेतात तर कोप उसाच्या वाढ्यांची आहे. २०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारी-बाजरीची भाषणं झाली. पण काढणीला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही आणि भाव बेभरवशाचा, तर शेतकऱ्यानं ज्वारी कशासाठी पेरावी? मला याची मनापासून काळजी वाटते. ज्वारी गेली तर कोप जाईल, आंबिल दुकानातल्या पिठाची होईल आणि जनावरं तर आत्ताच कमी झालीत.

पूजा होते आणि काका चर शिंपायला निघतात. एका हातात आंबिल-भज्जीचं भांडं, दुसऱ्या हातानं पिकावर शिंतोडे. मागून पोरं ओरडत पळतात. त्या आरोळीतले निम्मे शब्द मराठी नाहीत, कानडी आहेत आणि त्याचं कुणाला नवल नाही. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. बिदर-कलबुर्गीकडं आजही याच दिवशी अशाच टोपल्या रानात जातात.

जेवण बसतं ते उघड्यावर, हरभऱ्याच्या कडेला, सतरंजीवर. आता ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं झालंय. मावशी ताटात उंडा ठेवते, अंगठ्यानं त्याला मधोमध खळगा पाडते आणि त्यात भज्जी ओतते. पहिल्या घासाला चुका आणि चिंच जिभेवर येते, मग डाळीच्या पिठाची गोडसर चव, मध्येच अख्खा तुरीचा दाणा, मध्येच बोराची बी. उंडा खरबरीत आहे आणि भज्जी ओढून घेतो. ताटात काही पातळ उरतच नाही. वर आंबिल प्यायची. ती गार आहे, थोडी फसफसलेली, लसणाच्या वासाची, आणि डिसेंबरातही गारच प्यायची असते. दोन पेले पोटात गेले की डोळे जड होतात. काका तर बांधावरच्या लिंबाखाली आडवे झालेत.

पण माझं लक्ष ताटापेक्षा बांधाकडं जास्त आहे. तिथून जो जाईल त्याला हाक जाते. मावसभावाचे कारखान्यातले सहकारी आलेत, गावातल्या शाळेचे कोल्हापूरकडचे गुरुजी आलेत, शेजारचे तांबोळी चाचा कुटुंबासकट आलेत आणि आल्या आल्या चाचींनी वाढायला घेतलंय. ज्याला रान नाही त्यानं येळवशीला घरी बसायचं नसतं; ज्याला रान आहे त्यानं त्याला बोलवायचंच असतं. ही गोष्ट कुठं लिहिलेली नाही. मोटारसायकलवरून चाललेला एक अनोळखी पोरगा रस्ता विचारायला थांबतो.

"रस्ता सांगतो की. काय करूलालास उभं राहून? बस आधी," आजी म्हणते. तो बसतो. दोन उंडे खातो.

यंदासारख्या वर्षी हे बघून गलबलून येतं. सोयाबीन गेलं, नुकसानभरपाईचं बोलणं पंगतीत निघतं, कुणाच्या खात्यावर किती आले, कुणाचे अजून आलेच नाहीत. मावशीनं वाटाणा किलोनं विकत आणला. तरी गुंडी गेल्या वर्षीचीच, तेवढीच मोठी.

उन्हं कलतात तशी कोपीपुढं शेणाच्या गोवऱ्यांवर लहान बोळक्यात दूध ठेवलं जातं. ते ज्या दिशेनं उतू जाईल तिकडं पुढच्या साली पीकपाणी बरं, असा समज. सगळे वाकून बघतात. दूध पूर्वेला उतू जातं. काका म्हणतात, "बेस झालं." आजी म्हणते, "यंदा पाऊस लई झाला बाबा. बेतानं पडू दे." तोवर पोरांनी गवताचा हेंडगा पेटवलाय आणि तो घेऊन ती पिकाभोवती धावत सुटलीत, धूर आणि आरडाओरडा घेऊन, पुढं तो गावातल्या मारुतीपर्यंत जाणार.

इकडं मावशी गुंडीचा तळ बघतेय. निम्म्याच्या खाली आलीय. डबे मांडले जातात. एक आजारी पडलेल्या सुताराच्या आईला, एक आज ड्युटी लागलेल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला, एक चाचींना, एक मला नांदेडला न्यायला. शिळी भज्जी दुसऱ्या दिवशी आणखी दाट होते, ज्वारीच्या भाकरीबरोबर ती ताजीपेक्षा चांगली लागते, यावर सतरंजीवरच्या सगळ्या बायकांचं एकमत आहे.

"झाकण घट्ट लाव," मावशी सांगते, "आणि उद्या गरम करताना पाणी घालू नको. ताक घाल."