सिच्वानची चव: मिठाच्या विहिरी, ऊन आणि रांजण

चीनच्या नैऋत्येकडील सिच्वान प्रांत जगभर तिखटासाठी ओळखला जातो. पण मिरची तिथे उशिरा, अठराव्या शतकाच्या सुमारास रुजली. सिच्वानच्या चवीचा पाया त्याहून कितीतरी जुना आहे: मुबलक पाणी, जमिनीखालचे मीठ आणि आंबवण्याची कला.

पाण्याची सोय इ. स. पू. २५६ च्या सुमारास झाली. ली बिंग या अधिकाऱ्याने दूज्यांगयेन येथे धरण न बांधता मिन नदीचा प्रवाह दुभंगला आणि पाटांत सोडला. छंग्दूचे मैदान आजही त्यावर भिजते. मीठ मात्र समुद्राअभावी पाताळातून काढावे लागले. त्सिगोंग शहरातील शनहाई विहीर १८३५ मध्ये १००१ मीटरपर्यंत पोचली. हजार मीटरची खोली ओलांडणारी ती जगातली पहिली विहीर. वर आलेले खारे पाणी तिथल्याच नैसर्गिक वायूवर उकळत. त्यात सोयाबीनचे दूध ओतले की गाळ फेसाबरोबर वर येई, तो काढून टाकला की मीठ स्वच्छ होई.

हे मीठ सर्वाधिक सार्थकी लागते ते छंग्दूजवळच्या फीश्येन भागातील दोउबानच्यांगमध्ये. बाकल्याचे सोललेले दाणे गव्हाच्या पिठात घोळून त्यांवर बुरशी धरू देतात, मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. अर्जिंगत्याव जातीची लांब, लाल मिरची चेचून मिठात वेगळी आंबवली जाते. दोन्ही एकत्र करून उघड्या अंगणातल्या रांजणांत भरतात. ऊन असेल तेव्हा रांजण उघडे, पाऊस आला की झाकलेले. दिवसा ढवळणे, रात्री दव खाऊ देणे. लालभडक मिश्रण महिन्यामहिन्याने तपकिरी होत जाते आणि दोन-तीन वर्षे मुरले की जवळजवळ काळे पडते. तिखटपणा उतरतो आणि खोल, खमंग चव चढते. मापो तोफू या पदार्थाची भिस्त याच मसाल्यावर असते. घाईच्या कारखानदारीला ही चव साधणे कठीण, कारण तिचा मुख्य घटक वेळ आहे.

सिच्वानच्या चवीचा दुसरा मानकरी ह्वाच्याव, म्हणजे सिच्वान मिरी. हान्युआन तालुक्याचा ह्वाच्याव पूर्वी राजदरबारी नजराणा म्हणून जाई. काटेरी झुडपांवरची ही फळे उन्हाळ्यात हाताने खुडतात. सालीवरच्या तेलाच्या बारीक पुटकुळ्या फुटल्या तर वास उडतो, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. उन्हात वाळली की फळे उकलतात. काळे, कचकचीत बी टाकून फक्त साल वापरतात. तिच्यातील सांशूल या द्रव्यामुळे ओठ-जीभ झिणझिणते आणि बधिर होते. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ याच कुळातले, आणि त्याचेही बी काढूनच टाकतात. मुंबईच्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत मात्र हा झिणझिणाट सहसा नसतो. ती लाल मिरची-लसणाची वेगळीच निर्मिती आहे.

लांगचोंगचा गव्हाच्या कोंड्यापासूनचा बाओनिंग व्हिनेगर आणि यीबिनचे काळपट, गोडसर याचाय लोणचे हीदेखील आंबवण्याच्याच परंपरेतली. घरोघरी मात्र राज्य पाओचाय या लोणच्याचे. त्याच्या बरणीच्या तोंडाभोवती पन्हळ असते. झाकण त्यात बसवून पाणी भरले की आतला वायू बुडबुड्यांनी निसटतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. मुळा, चवळीच्या शेंगा, आले, मिरची असे जे हंगामात असेल ते मिठाच्या पाण्यात बुडवतात. भाजी संपली तरी पाणी टाकत नाहीत. त्यात मीठ वाढवून पुढची भाजी घालतात, आणि नवी बरणी लावताना या जुन्या पाण्याचेच विरजण देतात.