फॉर्मचा रंग थीमचे का ऐकत नाही?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस २००३ मध्ये बनवलेला फॉर्म नव्या आवृत्तीत रूपांतरित केला आणि वरून नवी थीम निवडली, तरी त्याचे रंग जागचे हलत नाहीत. थीम बिघडलेली नसते. रंग फाइलमध्ये कोणत्या रीतीने नोंदला आहे, यावर सारे ठरते.

जुन्या ॲक्सेसमध्ये रंग म्हणजे एक पूर्णांक. लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मधली मूल्ये घ्यायची, हिरव्याला २५६ ने आणि निळ्याला ६५५३६ ने गुणायचे, मग तिन्हींची बेरीज. पांढऱ्याचे उत्तर येते १६७७७२१५, निव्वळ लालचे २५५. ॲक्सेस २००७ पासून प्रॉपर्टी शीटमध्ये हाच रंग हेक्स अंकांत दिसू लागला, पण तिथे लाल घटक आधी लिहितात. त्यामुळे जुना आकडा सरळ हेक्समध्ये बदलून तिथे टाकला, तर लालच्या जागी निळा उमटतो. ही चूक फार सहज होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

काही जुन्या फॉर्मांत -२१४७४८३६३३ असा उणे आकडाही सापडेल. तो ठरावीक रंग नाही. 'विंडोजमध्ये बटणाच्या पृष्ठभागाचा जो रंग असेल तो घे' अशी ती सूचना आहे.

ॲक्सेस २०१० ने प्रत्येक रंगाला जोडून थीम-क्रमांक आणला. ० ते ३ हे मजकुराचे आणि पार्श्वभूमीचे रंग, ४ ते ९ हे सहा ठळक रंग, आणि -१ म्हणजे थीमशी संबंध नाही. टिंट व शेड ही मूल्ये तोच रंग फिकट किंवा गडद करतात. थीम बदलली की असा क्रमांक असलेले रंगच बदलतात. जुन्या फॉर्ममध्ये तो क्रमांकच नसल्याने रंग तसाच राहतो. डिझाइन व्ह्यूमध्ये तो भाग निवडून रंगपेटीतल्या थीमच्या ओळींतून रंग पुन्हा द्यावा लागतो. बटणांसाठी आधी 'यूज थीम' हो करावे.

थीम स्वतः डेटाबेसच्याच एका लपलेल्या सिस्टम टेबलात साठवलेली असते. म्हणून ऑफिसची मूळ रंगसंगती पुढे बदलली, तरी तुमच्या फाइलचे रंग त्यामुळे बदलत नाहीत.

उलट्या दिशेने जास्त जपावे लागते. कचेरीत एखाद्या संगणकावर अजून ॲक्सेस २००७ असेल, तर थीम-क्रमांक वापरणारा कोड तिथे चालत नाही, कारण ती प्रॉपर्टीच त्या आवृत्तीत नाही. दोन्हीकडे चालणाऱ्या फाइलच्या कोडमध्ये रंग आकड्यानेच द्यावेत.

मात्र सगळेच रंग थीमच्या हवाली करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. थकलेल्या बिलाचा लाल रंग सजावट नसतो, ती माहिती असते. कंडिशनल फॉरमॅटिंगमधले रंग आकड्यानेच साठवले जातात, ते थीमबरोबर बदलत नाहीत. त्यामुळे नवी पार्श्वभूमी गडद निवडली, तर असे प्रत्येक अक्षर तिच्यावर वाचता येते का, हे उघडून पाहावे.