जड पाण्याचा जमाखर्च

घर नवे असते, नळ चकचकीत असतात आणि वर्ष उलटण्यापूर्वीच त्यांच्या तोंडाशी पांढरी पुटे चढू लागतात. गिझर पाणी तापवण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेतो, साबणाला फेस येत नाही, पांढरे कपडे धुऊनही मळकट दिसतात आणि कितीही शिट्या झाल्या तरी तूरडाळ नीट शिजत नाही. धरणाच्या पाण्याऐवजी कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त असलेल्या नव्या वसाहतींतील गृहिणींची ही रोजची तक्रार आहे. मग कोणी तरी सॉफ्टनर सुचवतो, विक्रेता घरी येतो आणि मोठी रक्कम खर्ची पडते. दुकानात माल घेताना वजन, प्रत आणि भाव तीनदा पारखणारी कुटुंबे या खरेदीत मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतात. वास्तविक ही खरेदीही हिशेबानेच व्हावयास हवी.

पाणी जड का होते?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टच्या थरांवर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. असे पाणी म्हणजे शालेय पुस्तकांतील ‘दुष्फेन’ पाणी. बोलीत आपण त्याला जड पाणी म्हणतो.

अनेक जैन घरांत पाणी गाळून व उकळून पिण्याची प्रथा आहे. गाळण्याने गाळ आणि बारीक जीव अडतात, विरघळलेले क्षार मात्र वस्त्रातून आरपार जातात. उकळण्याचा परिणाम वेगळा आहे. क्षारांपैकी बायकार्बोनेटचा अंश उष्णतेने विघटित होतो आणि चुन्यासारखा थर होऊन पातेल्याच्या तळाशी बसतो. याला तात्पुरती कठीणता म्हणतात. उकळलेले पाणी निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे, म्हणजे हा अंश बराच कमी होतो. सल्फेट व क्लोराइड या रूपातील क्षार उकळूनही जात नाहीत.

गिझरमध्ये हीच क्रिया नित्य घडत असते. तापणाऱ्या कांडीवर थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते, वीज अधिक जळते आणि शेवटी कांडीच निकामी होते.

आधी मोजमाप, मग खरेदी

विक्रेते पुष्कळदा पेनासारखे टीडीएस मीटर पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवतात. हा आकडा पाण्यातील सर्व विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो, कठीणतेचा नव्हे. साध्या मिठाने खारट झालेल्या पाण्याचा टीडीएसही मोठाच येतो. शिवाय सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस घटत नाही, कारण यंत्र क्षार काढून टाकत नसून त्यांची अदलाबदल करते. म्हणून प्रयोगशाळेकडून ‘एकूण कठीणता’ तपासून घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. सोबत लोहाचे प्रमाणही पाहावे, कारण लोहामुळे सॉफ्टनरमधील राळ खराब होते. कूपनलिकेचे पाणी ऋतुमानानुसार बदलते. त्यामुळे एक नमुना उन्हाळ्यात व एक पावसाळ्यानंतर द्यावा.

भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकार्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्याने आजार होतात अशी भीती घालून यंत्र विकणाऱ्यापासून म्हणूनच सावध राहावे. जड पाण्याचा खरा तोटा गिझर, नळ, कपडे आणि साबण यांच्या खर्चात आहे.

हिशेब कसा मांडावा?

सॉफ्टनरच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मिठाचे पाणी सोडून ते पुन्हा कामास योग्य करावे लागतात. यंत्राची किंमत हा एकदाचा भांडवली खर्च झाला. मीठ व वाया जाणारे पाणी हा आवर्ती खर्च यंत्र चालू असेपर्यंत सुटत नाही.

पाच माणसांचे घर आणि लिटरमागे ४५० मिलिग्रॅम कठीणता धरू. शहरी पाणीपुरवठ्याच्या मानकानुसार माणशी १३५ लिटर धरले तर रोज ६७५ लिटर पाणी लागते आणि त्यातून सुमारे ३०४ ग्रॅम कठीणता काढावी लागते. एक लिटर राळ साधारण ५० ग्रॅम कठीणता धरते, म्हणजे २५ लिटर राळेची धारणशक्ती झाली १,२५० ग्रॅम. ती चार दिवसांत भरते. लिटरमागे दीडशे ग्रॅम मीठ धरल्यास प्रत्येक वेळी पावणेचार किलो, म्हणजे महिन्याला सुमारे २७ किलो मीठ लागेल. शिवाय राळ धुताना प्रत्येक वेळी शंभर-दोनशे लिटर पाणी वाहून जाईल.

आता केवळ स्नान व कपडे यांचेच पाणी मृदू करायचे ठरवले तर? त्याच मानकात स्नानास ५५ व कपड्यांस २० लिटर धरले आहेत. पाच माणसांचे ३७५ लिटर होतात. तीच राळ आठवडाभर पुरते आणि मीठ महिन्याला १५ किलोंवर येते. शौचालय, फरशी व बाग यांना मृदू पाण्याची गरज नसते. तेवढा नळ वेगळा काढला की मीठ आणि धुण्यात जाणारे पाणी जवळजवळ निम्म्यावर येते. घर बांधतानाच ही वेगळी जोडणी करून घेणे सर्वांत स्वस्त पडते.

पिण्याचा नळ वेगळा असावा

दर १०० मिलिग्रॅम कठीणतेच्या बदल्यात पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. वरील उदाहरणात ते लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाते. घरात रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, तान्हे बाळ असेल, तर ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. स्वयंपाकाचा व पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढावा, किंवा ते पाणी आरओ यंत्रातून घ्यावे. राळ धुतलेले खारे पाणी बागेत कदापि सोडू नये. त्याने झाडे वाळतात आणि मातीतील जीवही नष्ट होतात.

विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न

राळ किती लिटर आहे? आपल्या पाण्याच्या कठीणतेनुसार दोन धुण्यांच्या मध्ये किती लिटर पाणी मिळेल? प्रत्येक वेळी मीठ व पाणी किती लागेल? सॉफ्टनर टाळून पाणी घेण्याची झडप आहे का? ही उत्तरे लेखी घ्यावीत आणि कागदावरचा आकडा वरील रीतीने स्वतः पडताळावा.

आणखी एक प्रश्न पाण्याच्या दाबाचा. दहा मीटर उंचीवरील टाकीतून सुमारे एक किलो दाब मिळतो. गच्चीवरील टाकी स्नानगृहापासून केवळ तीन मीटर वर असेल तर दाब एक तृतीयांशच मिळतो. स्वयंचलित यंत्रांना सहसा याहून बराच अधिक दाब लागतो. म्हणजे पंपाचा खर्च वेगळा.

चुंबकीय किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणे पाण्यातील क्षार काढत नाहीत. ती बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे पाणी तपासल्यास कठीणतेचा आकडा तोच येतो.

स्वस्त उपाय

कठीणता दोनशेच्या आसपास असेल तर सॉफ्टनरची गरजच नसते. गिझरचे तापमान ५५ अंशांच्या वर ठेवू नये, वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्यावा. कपड्यांसाठी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालावा. नळांवरील पुटे लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. मात्र हे पाणी संगमरवरावर पडू देऊ नये, त्याने दगडाची चकाकी जाते.

पावसाचे पाणी तर मुळातच मृदू. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत अंगणाखाली टाके बांधून छतावरचे पाणी वर्षभर पिण्यास साठवले जाई. शंभर चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती आला तर ५६ हजार लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यासाठी रोज ५० लिटर लागतात. कोरड्या आठ महिन्यांसाठी १२ हजार लिटरचे टाके पुरेसे होते. छत स्वच्छ ठेवावे, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे गाळून साठवावे. त्या पाण्यात डाळही वेळेवर शिजते आणि उकळताना पातेल्यावर पांढरा थर बसत नाही.