उसातले आम्ल आणि चेहऱ्याची कातडी

अफजलपूर भागात भीमेच्या पाण्यावर ऊस पिकतो. या उसात ग्लायकोलिक आम्ल अल्प प्रमाणात असते. बाजारातल्या मलमातले मात्र बहुधा कारखान्यात बनते. ते कातडीचा वरचा मृत थर सैल करते, पण मग ऊन अधिक बाधते. उन्हात राबणाऱ्याने काळजी न घेतल्यास डाग जाण्याऐवजी वाढूही शकतात.

घरी १० टक्क्यांहून तीव्र मलम वापरू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. मग आठवड्यातून एक-दोनदा, रात्रीच लावावे. डोळे, ओठ, जखमा टाळाव्यात. दिवसा सनस्क्रीन लावावे, डोईवर पदर किंवा टोपी घ्यावी. मलम सोडल्यावरही आठवडाभर हे पाळावे. आग झाल्यास चेहरा पाण्याने धुवावा व वापर थांबवावा. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे.