'कॉमन' म्हणजे काय?

परकी भाषा शिकताना अवघड शब्द फारसे फसवीत नाहीत. त्यांच्यासाठी आपण कोश उघडतो. फसवितात ते सोपे शब्द. नागपूरकरांना हे सांगावयास नको. हिंदीत 'साधारण आदमी' म्हणजे सामान्य माणूस. मराठीत 'साधारण दहा माणसे' म्हणजे सुमारे दहा. इंग्रजीतील 'कॉमन' हे विशेषण असेच आहे.

त्याचे मुख्य अर्थ दोन. एक, नेहमीचे, जागोजाग आढळणारे. 'कॉमन सॉल्ट' म्हणजे आपले रोजचे मीठ, 'कॉमन कोल्ड' म्हणजे पडसे. दुसरा, अनेकांच्या वाट्याचे. 'कॉमन वॉल' म्हणजे दोन घरांमधील सामाईक भिंत. समजा, महालातील एखाद्या जुन्या वाड्याच्या इंग्रजी खरेदीखतात 'कॉमन वेल' असे शब्द आहेत. त्याचे भाषांतर कोणी 'साधी विहीर' असे केले, तर वाक्य बिनचूक दिसेल. पण शेजाऱ्याचा पाण्यावरील हक्क कागदावरून नाहीसा होईल!

ह्यावर आम्ही एक सोपी खूण सुचवितो. 'कोणाकोणात?' असा प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले तर अर्थ 'सामाईक'. प्रश्नच निरर्थक वाटला तर 'नेहमीचे'. माणसांच्या बाबतीत मात्र अधिक जपावे. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' आपल्याला जवळचा वाटतो. पण कोणाची वागणूक 'कॉमन' म्हटली, तर ती हलकी ठरविल्यासारखे होते.

चिनी विद्यार्थीही येथेच अडखळतो. त्याच्या भाषेत नेहमीच्या वस्तूला 'फुथोंग' आणि सामाईक गोष्टीला 'गोंगथोंग' असे दोन निराळे शब्द आहेत. तरीही १९५६ साली चीनने जिचा देशभर प्रसार आरंभिला, त्या प्रमाणभाषेचे नाव 'फुथोंगह्वा' आहे. तेथे 'फुथोंग' म्हणजे मामुली नव्हे, तर सर्वत्र चालणारी.

आपला 'सामान्य' शब्दही 'समान' ह्यापासून आला. वैशेषिक दर्शनात अनेक वस्तूंत असणाऱ्या एकाच धर्माला 'सामान्य' म्हणतात. पुढे व्यवहारात त्याचा अर्थ 'विशेष नसलेला' असा झाला. जे सर्वांजवळ असते त्याची किंमत वाटेनाशी होते, हा मनुष्यस्वभाव शब्दांतही उतरला आहे. म्हणून 'कॉमन' वाचताना घाई करू नये. ज्याला आपण 'साधे' म्हणून सोडून देतो, ते पुष्कळदा सर्वांच्या हक्काचे असते.